खेळ सुरू करायचं बटण कुणाच्या हाती?

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला पुण्याला भावाकडे गेले होते. ओवाळून झालं, फराळ झाला आणि घरात एक वाद पेटला. भावाला बोनस मिळालेला. भाचा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला. त्याला खेळायला यंत्र घ्यायचं हे आधीच ठरलेलं होतं. प्रश्न एवढाच होता, की कन्सोल घ्यायचा की गेमिंगचा पीसी?

ज्या मैत्रिणींच्या घरात हा वाद अजून शिरलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा, मुख्यतः खेळण्यासाठीच बनवलेला डबा. सोनीचं प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स, निन्टेन्डोचं स्विच ही त्यातली ठळक नावं. पीसी म्हणजे आपला नेहमीचा कम्प्युटर, पण खेळातली चित्रं न अडखळता हलावीत म्हणून आत महागडं ग्राफिक्स कार्ड बसवलेला.

भाचा कन्सोलच्या बाजूचा. एकदा घेतला की सहा-सात वर्षं बघायला नको, टीव्हीला जोडला की खेळ सुरू, शिवाय काही खेळ फक्त त्याच्यासाठीच निघतात. त्याचा मित्र पीसीवाला. पीसी उघडता येतो, आतले भाग बदलता येतात, खेळ सवलतीत मिळतात, चित्रंही जास्त स्वच्छ दिसतात. भाऊ म्हणाला, "पीसीच घेऊ. निदान उपयोगाला तरी येईल." वहिनी चकल्यांचा डबा घेऊन बाहेर आली. "टीव्ही अडकून राहणार असेल तर आईंची मालिका कुठे लावायची?" एवढंच विचारून ती आत गेली. तिला कुणी उत्तर दिलं नाही.

भाची अकरावीला आहे. ती फराळाच्या बशा गोळा करत होती. मी तिला विचारलं, "तुला काय हवंय गं?"

"मला काय, आत्या. दादाचं जे असेल ते. तो बाहेर गेला की बघेन."

रात्री आम्ही दोघी एका खोलीत झोपलो. साडेअकराच्या सुमाराला जाग आली तर तिच्या पांघरुणाखाली उजेड. फोनवर खेळत होती. चार-पाच जणांनी मिळून खेळायचा गोळीबाराचा खेळ. हेडफोन कानात, पण माइक बंद. आणि पडद्यावर तिचं नाव मुलाचं. मी विचारलं तेव्हा आधी काही बोलेना. मग म्हणाली, "एकदा माइक चालू ठेवला होता. आवाज मुलीचा आहे कळल्यावर सुरूच झाले. काय काय बोलले ते तुला सांगू नाही शकत."

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं तर फोन काढून घेतील."

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण गेली चाळीस वर्षं ऐकत आलो आहोत. कॉलेजच्या वाटेवर पोरं छेड काढतात, घरी का सांगत नाहीस? सांगितलं तर कॉलेज बंद होईल. गुन्हा दुसऱ्याचा आणि बंदी आपल्यावर. यंत्र नवं आलं, वाक्य तेच राहिलं. त्या रात्रीनंतर मी या वादाचा विचार करू लागले. मला त्यातलं तांत्रिक फारसं कळत नव्हतं. वाचलं, भाचीला विचारलं, माझ्या लेकीला विचारलं. लेकीला विचारलं तेव्हा मात्र माझ्याच घरातलं एक जुनं प्रकरण बाहेर आलं.

१९९५ साली आम्ही टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घरी आणला होता. अनेकींना आठवत असेल. वर कॅसेट खोचायची, दोन वायरींना दोन रिमोट. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी आठ. हट्ट मुलाचा होता, म्हणून तो त्याचा. मारिओ लागायचा. मुलगा खेळायचा आणि लेक शेजारी पाय पोटाशी घेऊन बघत बसायची. मी तेव्हा शिबिरांतून समान संधीवर बोलत असे. घरी आल्यावर दोघं भांडत नाहीत, शांत बसली आहेत, याचंच मला समाधान वाटे.

परवा फोनवर लेक म्हणाली, "आई, मला सगळ्या लेव्हल पाठ होत्या. कुठल्या विटेखाली काय आहे, कुठे उडी मारायची, सगळं. दादाला मीच सांगायचे. माझा नंबर मात्र तो हरला तरच. आणि आठवतंय का, दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं."

मला आठवत नव्हतं. मग कळलं, की १९८३ साली जपानमध्ये निघालेल्या निन्टेन्डोच्या मूळ यंत्राच्या दुसऱ्या रिमोटलाही खेळ सुरू करायचं बटण नव्हतं, आणि आपल्याकडे मिळणारे डबे बहुतेक त्याचीच नक्कल असत. हे काही कंपनीने बायकांविरुद्ध रचलेलं कारस्थान नव्हतं. दोन खेळाडूंपैकी एकाकडे बटण असलं की काम भागतं, इतका साधा हिशेब असेल. पण बटण एकाकडेच असणार असेल, तर ते कुणाकडे जाणार हे आपल्या घरांनी ठरवलं. आमच्या घरात मी ठरवलं. ज्या खेळात राजकन्येने किल्ल्यात बसून सुटकेची वाट बघायची, तो खेळ बघत माझी लेक आपल्या पाळीची वाट बघत होती.

यंत्र मुलांचं कसं झालं?

खेळांची यंत्रं जन्मतः मुलग्यांची नव्हती. घरात खेळायच्या यंत्रांची सुरुवात झाली त्या काळात त्यांच्यासाठी खेळ घडवणाऱ्या बायका होत्या. अमेरिकेत कॅरल शॉ हिने १९८२ साली अटारीच्या कन्सोलसाठी 'रिव्हर रेड' हा गाजलेला खेळ लिहिला. रॉबर्टा विल्यम्सने त्याआधी, १९८० साली, घरगुती कम्प्युटरवर चालणारा 'मिस्टरी हाउस' रचला. चित्रं दाखवून गोष्ट पुढे नेणारे साहसाचे खेळ तिथून सुरू झाले असं मानतात. म्हणजे वादाच्या दोन्ही बाजूंना पायाचे दगड बसवणाऱ्यांत बाई आहे. आज हिरिरीने वाद घालणाऱ्या किती मुलांना ही नावं माहीत असतील?

पुढे काय झालं? १९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. दुकानदार त्या मालाला हात लावेनात. १९८५ साली निन्टेन्डो तिथल्या बाजारात उतरली ती आपलं यंत्र खेळणं म्हणून विकत. खेळण्यांच्या दुकानात मुलांचं कपाट वेगळं, मुलींचं वेगळं. यंत्र मुलांच्या कपाटात गेलं. १९८९ साली त्याच कंपनीने हातात धरून खेळायचं यंत्र काढलं, त्याचं नावच 'गेम बॉय'. जाहिरातींत मुलगे, म्हणून घेणारे मुलगे. घेणारे मुलगे, म्हणून पुढचे खेळ त्यांच्या आवडीचे.

कम्प्युटरचं वेगळं झालं असंही नाही. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांशी वर्षानुवर्षं बोलून २००२ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. घरातला कम्प्युटर मुलाच्या खोलीत ठेवला जाई. बापलेक तो उघडून बसत, बहीण दारातून बघे. मग ही मुलगी कॉलेजात आली की वर्गातल्या मुलांना सगळं आधीच येतं आहे असं तिला दिसे, आणि आपण या विषयाच्या लायक नाही असं वाटू लागे. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत १९८० च्या दशकाच्या मध्याला बायकांचं प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास होतं. पुढच्या पंचवीस वर्षांत ते निम्म्यावर आलं. याला कारणं अनेक. पण खेळाचं यंत्र कुणाच्या खोलीत होतं, हे त्यातलं एक नक्कीच आहे. खेळता खेळता यंत्राची भीती जाते. आपल्या मुलींची ती जायची राहून जाते.

आणि आता हे दोन पक्ष एकमेकांशी भांडतात. त्या भांडणाची भाषा बघा. २००८ साली बेन क्रॉशॉ या इंग्रज समीक्षकाने एका खेळाच्या परीक्षणात पीसीवाल्यांच्या तोऱ्याची टर उडवण्यासाठी 'पीसी मास्टर रेस' हे शब्द वापरले. मास्टर रेस म्हणजे श्रेष्ठ वंश. नाझींच्या डोक्यातली ती कल्पना. गंमत अशी, की ज्यांची टर उडवली त्यांनीच ते बिरूद म्हणून मिरवायला सुरुवात केली. ज्या समाजात कुळ आणि जात विचारल्याशिवाय पाणी दिलं जात नव्हतं, त्या समाजातल्या आपल्याला हे ऐकून हसू येऊ नये. डबा कुठला घेतला यावरूनही माणसं उच्च-नीच ठरवतात. आणि या चढाओढीत बाई कुठल्याच पक्षात धरलेली नसते.

"आपल्याला काय करायचंय?"

हा विषय मी आमच्या गटाच्या बैठकीत काढला तेव्हा दोन आक्षेप आले. ते रास्त आहेत.

एक मैत्रीण म्हणाली, ही चैनीची चर्चा आहे. नवा कन्सोल पन्नास हजारांच्या आसपास, चांगला गेमिंग पीसी त्याहून महाग. आपल्या वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईचे ते कित्येक महिन्यांचे पैसे. खरं आहे. आपल्या देशात बहुतेक लोक खेळतात ते मोबाइलवर. पण तिथे तरी काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या ५४ टक्के निघाल्या. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. म्हणजे बंगल्यात पीसीचं जे होतं तेच चाळीत मोबाइलचं होतं. यंत्र बदलतं, ते कुणाच्या हातात असतं हे बदलत नाही.

दुसरी म्हणाली, या खेळांत नुसती मारामारी आणि उघड्या बायका. त्यात वाटा मागायचा कशाला? मला विचाराल तर सिनेमातही हेच होतं, नाटकातही होतं. आपण ते सोडून दिलं नाही. टीका केली, निषेध केला, आपलं काही घडवलं. खेळांमधल्या बाईच्या चित्रणावर अनिता सार्कीशियन या अमेरिकेत काम करणाऱ्या समीक्षिकेने अभ्यासपूर्ण चित्रफिती काढल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये युटा राज्यातल्या विद्यापीठात तिचं व्याख्यान होतं. ते झालं तर गोळीबार करून हत्याकांड घडवू अशी धमकी आली. तिथल्या कायद्याने परवानाधारकांना सभागृहात बंदूक नेता येत होती, त्यामुळे पोलिस ती अडवायला तयार नव्हते. तिला व्याख्यान रद्द करावं लागलं. 'खेळ तर आहे' म्हणून आपण ज्याच्याकडे दुर्लक्ष करतो, तिथे बाईने तोंड उघडलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणजे ती सार्वजनिक जागाच आहे, रस्त्यासारखी. रस्ता असुरक्षित आहे म्हणून मुलींना घरी बसवा, हे आपण कधी मान्य केलं नाही.

मग बाजू कुणाची?

दोन्हीतलं बरं-वाईट मी आपल्या मापाने मोजून पाहिलं. मापं चार. यंत्र घरात कुठे ठेवलं आहे? ते कुणाचं म्हणून ओळखलं जातं? कुणाला कुठल्या वेळी मिळतं? आणि ते उघडून बघायची मुभा कुणाला?

कन्सोल बाहेरच्या खोलीत असतो. त्याचा फायदा आहे. दोघं शेजारी बसून खेळू शकतात, आजीही घटकाभर हात घालू शकते. २००६ साली निन्टेन्डोने 'वी' नावाचा कन्सोल काढला. त्यात हातातला रिमोट हलवला की पडद्यावर चेंडू जाई. परदेशांतल्या वृद्धाश्रमांत म्हातारे-म्हाताऱ्या त्यावर खेळू लागल्या. शिकायला सोपं यंत्र असलं की ज्यांना कुणी खेळात धरलेलं नव्हतं ते आत येतात, हे त्याने दाखवलं. पण आपल्या घरात संध्याकाळी बाहेरची खोली कुणाची असते? बाप्या माणसांची आणि पाहुण्यांची. त्या वेळी बाई ओट्यापाशी असते आणि मुलगी तिच्या हाताखाली.

पीसी टेबलावर असतो, भिंतीकडे तोंड करून. मुलीला तिथे थोडा आडोसा मिळतो. २००० साली पीसीवर आलेला 'द सिम्स' हा घर-संसार चालवण्याचा खेळ बायका-मुलींनी प्रचंड प्रमाणात खेळला. आपापल्या टेबलाशी बसून त्यांनी तो खेळला आणि त्याचे नवे कपडे, नवं सामान स्वतः बनवून इतरांना वाटलं. कारण पीसी आतून उघडा असतो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: खेळ कुठल्याही डब्यात चालो, तो घडतो कम्प्युटरवरच. कन्सोलवर तुम्ही खेळू शकता. त्याच्यासाठी खेळ बनवून विकायचा तर कंपनीची परवानगी लागते. पीसीवर शाळकरी मुलगीसुद्धा फुकट मिळणाऱ्या साधनांनी उद्या आपला खेळ रचू शकते. पुण्यातल्याच एका छोट्या कंपनीने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. आधी तो निन्टेन्डोच्या स्विचवर आला, मग पीसीवर आणि इतर कन्सोलवर. संस्थापकांमध्ये श्रुती घोष ही चित्रकार आहे. त्या खेळात पळवून नेलेल्या धाकट्या भावाला सोडवायला बहीण निघते. मारिओची राजकन्या किल्ल्यात वाट बघत बसली होती. ही राजी स्वतः वाट काढत जाते.

म्हणून माझं मत पीसीच्या बाजूने पडतं. पण माझ्या भावाचं मतही पीसीच्याच बाजूने होतं, आणि त्याच्या कारणाशी मी सहमत नाही. तो म्हणाला, उपयोगाला येईल. मुलीसाठी यंत्र मागताना आपणही हेच म्हणतो. अभ्यासाला होईल, नोकरीला होईल. मुलग्याला खेळायला कारण लागत नाही. 'पोरगा आहे, खेळणारच.' मुलीच्या खेळाला मात्र निमित्त हवं. हे निमित्त जुनं आहे. आपल्या आज्या-पणज्या मंगळागौरीला रात्रभर जागून फुगड्या, झिम्मा, पिंगा खेळल्या, पण व्रताच्या नावाने. भोंडला खेळल्या, पण हस्त नक्षत्रात. नागपंचमीला झोका. देवाधर्माची पावती असली की बाईला नाचा-बागडायची सूट, दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल. आता देवाच्या जागी करिअर आलं, एवढाच फरक.

बाईचा मोकळा वेळ हाच मुळात कुणाला मान्य नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या दर शंभर बायका-मुलींपैकी ८१ जणी रोज घरातलं बिनपगारी काम करत होत्या. पुरुषांत हे प्रमाण शंभरात २६. जे करत होते त्यांचा दिवसाचा वेळ बायकांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. सहा वर्षांवरच्या, हे लक्षात घ्या. म्हणजे खेळायच्या वयाच्या मुलीही या हिशेबात आहेत. दोनशे नव्याण्णव मिनिटांनंतर कुठला पीसी आणि कुठला कन्सोल?

तेव्हा आपली मागणी स्पष्ट असू दे. मुलीला यंत्र हवं, शिकायला हवंच, आणि नुसतं खेळायलाही हवं. काही निष्पन्न न होणारा तासभर वेळ हा तिचाही हक्क आहे. आणि ती खेळताना कुणी घाणेरडं बोललं तर तक्रार त्याची व्हावी. तिचा फोन काढून घेतला जाऊ नये. शिबिरांत आपण मुलींना रस्त्यावरच्या छेडछाडीबद्दल बोलतं करतो. 'खेळताना तुझा माइक बंद का असतो?' हाही प्रश्न आता विचारायला हवा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी भावाला म्हटलं, या वर्षी मला साडी नको. ओवाळणी म्हणून एवढंच दे, की जे यंत्र येईल ते दोघांचं असेल, आणि ती बोलती होईल तेव्हा तिचा फोन काढून घेणार नाही. तो हसला, पण हो म्हणाला. जानेवारीत पीसी आला. ठेवला भाच्याच्याच खोलीत, कारण इंटरनेटची वायर तिथे आहे. भिंतीवर वेळापत्रक लागलं. मंगळवार आणि शनिवार संध्याकाळ भाचीची. ती आता माइक चालू ठेवून कॉलेजातल्या दोन मैत्रिणींबरोबर खेळते. स्वतःचं नाव लावलं आहे.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "आत्या, या शनिवारी हरलो. मधेच पाहुणे आले, चहा करायला उठावं लागलं. चालू खेळ थांबवता येत नाही ना." मी विचारलं, दादा कुठे होता? "घरातच होता की."

तुमच्या घरात, वस्तीत, गटातल्या मुलींकडे काय चालतं, ते जरूर लिहून कळवा. मी तोवर भावाला फोन करते. पुढच्या शनिवारी चहा कोण करणार, हे ठरवायचं आहे.